सुखदेवची बॅग

कोल्हापूर स्टेशनवर जायचं माझ्या जिवावर येतं. कुणाला सोडायला जायचं असलं की मी नवऱ्याला पुढं करते, आणि तो नसला तर पाहुण्यांना सरळ रिक्षा करून देते. घरात सगळ्यांना वाटतं मी आळशी आहे. वाटू दे. फलाटावर उभी राहिले की माझी नजर माणसांच्या तोंडाकडं जातच नाही, त्यांच्या हातातल्या सामानाकडं जाते. बॅग उचलताना कोण किती वाकतंय, कुणाचा खांदा किती खाली आलाय, हे मी बघत राहते. ही खोड मला अक्कामुळं लागली.

अक्का म्हणजे सुनंदा मगदूम. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातली. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. घरात ती थोरली होतीच, पुढं सगळ्या जगाचीच अक्का झाली. पेशंटपासून फौंड्रीच्या मॅनेजरपर्यंत तिला दुसरं काही म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. व्यवसायानं मानसशास्त्रज्ञ. राजारामपुरीत तिचं वीस वर्षं चांगलं चाललेलं क्लिनिक होतं. परीक्षेला घाबरणारी पोरं आणि एकमेकींना घाबरणाऱ्या सासवा-सुना असा तिथला राबता होता. पन्नाशी उलटल्यावर तिनं ते बंद केलं आणि महामार्गापलीकडं, लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्यांच्या वसाहतीत, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या खोलीत जाऊन बसली. बिहार, झारखंड, ओडिशाकडची माणसं तिथल्या भट्ट्यांवर कामाला असतात. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण राहतात. त्यांचं अंग दुखलं तर कंपनीचा डॉक्टर बघतो, पण झोप उडाली, जेवण जाईना झालं, हात थरथर कापायला लागले तर कोण बघणार, असं तिनं एकदा कुठल्याशा बैठकीत विचारलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा स्वतःच गेली.

मी तिथं तिच्या हाताखाली चार वर्षं होते. मुलं शाळेत जायला लागल्यावर उशिरा एम.ए. केलेली बाई मी. शिकलेलं सगळं ताजं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. पहिल्या दिवशी मी छापील प्रश्नावल्यांची फाईल घेऊन गेले. अक्कानं एक कागद उचलला, चष्मा कपाळावर ढकलून वाचला आणि मोठ्यानं विचारलं, "छंदात रस वाटेनासा झालाय का, असं विचारणार हाईस तू त्याला? बारा तास भट्टीपुढं उभा असतोय तो." खोलीबाहेर बसलेली माणसंसुद्धा हसली. त्या दिवसापासून मी तिच्या लेखी 'कागदबाई' झाले. तिचा आवाज असा होता की गुपित सांगितलं तरी ते चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाई. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, तशीच ती बोलायची, आणि विद्यापीठातल्या परिसंवादातही त्यात फरक पडायचा नाही.

तिची पद्धत साधी होती. माणूस समोर बसला की पहिल्यांदा गाव विचारायचं. मग घरात कोण कोण. मग सणाला काय रांधतात. त्रास काय होतोय हे ती विचारायचीच नाही. तो आपणहून सांगेपर्यंत थांबायची, मग दोन खेपा जावोत की पाच. गिरणीच्या भिंतीवर तिनं एक हातानं आखलेलं कॅलेंडर लावलं होतं. त्यात त्या माणसांचे सण होते, छठ, सरहूल, नुआखाई. कुठल्या गावची माणसं कधी उदास होणार हे ती त्यावरून सांगायची आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. कॅलेंडरच्या बाजूला एक कागद डकवलेला होता. त्यावर तिनं मोठ्या अक्षरात स्वतःसाठी आणि माझ्यासाठी सूचना लिहिल्या होत्या. बायकांशी बोलताना दार उघडं ठेवायचं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. आणि तिसरी सूचना अशी, की निघालेल्या माणसाला टोकायचं नाही.

ही तिसरी सूचना माझ्यामुळं आली होती. गावी निघालेल्या एका माणसाला मी सहज, आपण विचारतो तसं, "कुठं निघालात?" असं विचारलं. त्याचा चेहरा पडला. तो परत खोलीवर गेला, पाणी प्यायला, दहा मिनिटं बसला आणि मग पुन्हा निघाला. तोवर त्याची बस गेली होती. अक्कानं मला सगळ्यांसमोर झापलं. "तुझी आजी न्हाई का सांगायची, जाणाऱ्याला मागनं हाक मारू नको म्हणून? त्येंचं बी तसंच हाय. माणूस जाताना गप बसायचं," म्हणाली. आजी सांगायची, हे खरं होतं.

अक्काचं दुसरं वेड म्हणजे तिचा डबा. ती सूर्यास्तानंतर जेवत नसे. दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं. हिवाळ्यात साडेपाच वाजले की जगात काहीही चाललेलं असो, डबा उघडला जाई. एकदा एका सरकारी कार्यालयात मजुरांच्या आरोग्याची बैठक चालू होती, साहेब बोलत होते, आणि अक्कानं घड्याळ बघून डबा काढला. साहेब थांबले. ती म्हणाली, "चालू द्या तुमचं, सूर्य माझ्यासाठी थांबायचा न्हाई." साहेब बोलत राहिले आणि ती भाकरी-झुणका खात त्यांना मधूनमधून दुरुस्त करत राहिली. डब्यातलं निम्मं नेहमी समोरच्याला जायचं. कित्येक माणसं पहिल्यांदा मनातलं बोलली ती तिच्या डब्यातली भाकरी मोडताना, हे मी पाहिलेलं आहे.

एतवा नावाचा झारखंडचा माणूस होता. एका फौंड्रीत वाळूच्या ढिगाजवळ त्याला कुणीतरी उभं असलेलं दिसायचं. तो तिथून पळून यायचा. कंपनीच्या डॉक्टरानं झोपेच्या गोळ्या दिल्या, सुपरवायझर म्हणाला कामचुकार आहे. मी माझ्या फॉर्मवर भासाच्या रकान्यात खूण केली. अक्कानं त्याला एवढंच विचारलं, की गावाकडं असं कुणाला दिसलं तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, भूक लागलेली असते त्याला, खायला देतो. मग हळूहळू निघालं, की वर्षापूर्वी त्याच जागी एक माणूस गेला होता. प्रेत हलवलं आणि त्याच पाळीत पुन्हा काम सुरू झालं होतं. कुणी दोन मिनिटं थांबलंसुद्धा नव्हतं. अक्का मॅनेजरकडं गेली. काय बोलली ते मला माहीत नाही, आवाज मात्र फाटकापर्यंत येत होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी वाळूच्या ढिगाजवळ एतवा आणि त्याच्या गावच्या माणसांनी पूजा मांडली. कोंबडा आणला होता. अक्का जैन, तिच्या घरात कांदासुद्धा चालत नसे. ती म्हणाली, कोंबड्याचं तुमचं तुम्ही बघा, मी हाय इथंच. आणि भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, शेवटपर्यंत उभी राहिली. तिच्या शेजारी तिनं मॅनेजरलाही उभं केलं होतं. एतवाला पुन्हा तिथं कुणी दिसलं नाही. शहरातल्या आमच्याच धंद्यातल्या काही लोकांनी मात्र ही गोष्ट चघळली. मगदूमबाई आता भगतीण झाली, असं म्हणाले. मला राग आला. अक्काला आला नाही.

दुसरी एक बाई होती, फुलमती. लग्न करून नवऱ्याबरोबर आली आणि दोन महिन्यांत बोलायची बंद झाली. अक्का तीन वेळा तिच्या खोलीवर गेली आणि काही न बोलता तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसली. मी बाहेर कंटाळून जायचे. चौथ्या वेळी फुलमतीनं अक्काच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि म्हणाली, असे निवडतात होय? त्यानंतर ती जी बोलायला लागली ती नवऱ्यानं हात जोडेपर्यंत थांबली नाही. या दोन गोष्टी पाहिल्यावर मी माझी फाईल कपाटात ठेवली. अक्का बरोबर आहे आणि पुस्तकं इथं चालत नाहीत, अशी माझी खात्रीच झाली.

फाईल ठेवताना एक प्रश्नावली तेवढी मी तिच्याकडून मान्य करून घेतली. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका ओळखायचे प्रश्न होते त्यात. अक्कानं त्यातले निम्मे ठेवले, निम्मे खोडले. 'अलीकडे आपल्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या आहेत का?' हा प्रश्न तिनं खोडला. "छठला गावी जाताना ही माणसं भांडी, कुकर, कांबळं सगळं वाटूनच जातात. परत येऊन घेतात. हा प्रश्न ठेवलास तर दिवाळीत अख्खी वसाहत धोक्यात दाखवशील," असं ती म्हणाली. ते मला इतकं पटलं की एका कार्यशाळेत मी तेच उदाहरण देऊन टाळ्या घेतल्या. आज तो दिवस आठवला की मला त्या टाळ्यांची लाज वाटते.

सुखदेव त्याच वर्षी आला. बिहारचा, साचे करायच्या कामावर होता. पस्तिशीचा, शांत, खाली बघून बोलणारा. झोप लागत नाही म्हणून त्याच्या खोलीतल्या महेंद्रनं त्याला धरून आणलं होतं. महेंद्र त्याच्याच गावचा, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सुखदेवचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती. अग्नी द्यायला थोरला मुलगाच नव्हता. गावी गेलं की लोक काय म्हणतील म्हणून तो दोन वर्षं गेलाच नव्हता. हे सगळं अक्कानं सहा-सात खेपांत, भाकरी मोडत मोडत काढून घेतलं. मग तिनं त्याला समजावलं, की या छठला जा. घाटावर उभा राहा, वडिलांच्या नावानं जे करायचं ते कर, आईला भेट. तो नको म्हणायचा. दिवाळीच्या आधी एकदम हो म्हणाला. चेहरा मोकळा झाला, खायला लागला, हसायलाही लागला. अक्का इतकी खूश झाली की तिनं कॅलेंडरवर छठच्या दिवसाभोवती लाल गोल काढला.

निघायच्या दिवशी तो सकाळी गिरणीत निरोप घ्यायला आला. नवा शर्ट, खांद्यावर गमछा. मागं महेंद्र होता आणि महेंद्रच्या हातात सुखदेवची निळी चेनची बॅग होती. मला वाटलं सोडायला निघालाय. तर महेंद्र म्हणाला, कुकर दिला, कांबळं दिलं, आणि ही बॅगपण सुखदेवभाईनं मलाच दिली. मी सुखदेवकडं बघितलं. हात मोकळे. माझ्या तोंडात प्रश्न आला होता, मग तू सामान कशातून नेणार? मी तोंड उघडलंसुद्धा. अक्कानं टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. निघालेल्या माणसाला टोकायचं नाही. मी गप्प बसले.

सुखदेव वाकून अक्काच्या पाया पडला. ती म्हणाली, सावकाश जा. तो दाराबाहेर गेल्यावर मी म्हणाले, अक्का, त्याच्याकडं बॅग नव्हती. ती कॅलेंडरकडं बघत म्हणाली, "नवी घेत असंल की. सणाला जाताना नवीच नेत्यात. न्हाई ठाऊक तुला?" तेही खरं होतं. दिवाळीत बाजारात नव्या बॅगा घेणाऱ्या त्या माणसांच्या रांगा मीही पाहिल्या होत्या.

सुखदेव गाडीत बसलाच नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी महेंद्रला बोलावलं, पंचगंगेच्या काठी सापडलेल्या माणसाची ओळख पटवायला. महेंद्रनं अक्काला फोन केला आणि आम्ही दोघी गेलो. कंपनी म्हणाली, तो रजेवर होता, आमचा काही संबंध नाही. अक्का तिथं रडली नाही. परत येताना गाडीत ती म्हणाली, "त्येचा रिवाज मला पाठ झाला हुता, वैशाली. त्यो माणूस तेवढा दिसला न्हाई." तीन वर्षांत तिनं मला नावानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ. मला त्या हाकेची भीती वाटली.

मग ती बदलायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातून माझी प्रश्नावली काढली आणि खोडलेला प्रश्न स्वतःच्या हातानं पहिल्या नंबरवर लिहिला. भिंतीवरच्या कागदावरची तिसरी सूचना तिनं खरवडून काढली. कोण गावी निघालंय याची ती चौकशी करायला लागली आणि तो निघाला की वाटेत उभी राहून टोकायला लागली. कुठं निघालास? कुणाबरोबर? तिकीट दाखव. बॅगेत काय हाय? घ्यायला कोण येणार? एका बाईनं तर हात जोडले, अक्का, असं निघताना विचारू नका, वाट खराब होते. अक्का म्हणाली, हूं दे खराब. आणि प्रश्न पुन्हा विचारला.

त्या माणसांनी वाईट अर्थ काढला तर त्यांचं काय चुकलं? आधी दबक्या आवाजात, मग उघडच बोलणं सुरू झालं. अक्कानं सुखदेवला जा म्हणून सांगितलं आणि तो गेला. आता ती ज्याला टोकते त्याचं काही खरं नाही. एकाचा वाटेत पाय मोडला, एक घरी पोचायच्या आधीच त्याची आई गेली, सगळं अक्काच्या खात्यावर जमा झालं. गिरणीत येणारी माणसं कमी होत गेली. ती रस्त्यानं आली की दारं लोटली जायची. पोरांना आत ओढून घेत. ज्या खोल्यांत तिनं तांदूळ निवडले होते तिथंच हे चाललं होतं. फुलमतीनंही दार लावलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. अक्का मात्र म्हणाली, "त्येंच्या जागी मी असतो तर मी बी लावलं असतं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेवर जाऊन उभी राहिली.

त्या वर्षी त्याच कार्यशाळेवाल्यांनी तिला बोलावलं. परप्रांतातल्या माणसांच्या मनावर त्यांच्या रीतीभातीला धरून कसे उपचार करायचे, हा विषय, आणि त्यात जिल्ह्यात तिच्याइतका अधिकार कुणाचा नव्हता. ती उभी राहिली, सुखदेवची गोष्ट सांगितली, टेबलाखाली माझा हात दाबल्याचंही सांगितलं, आणि खाली बसली.  साडेपाच वाजले होते. तिनं डबा काढला नाही.

तिचं सगळं लक्ष आता महेंद्रवर होतं. महेंद्रकडं सुखदेवचं सगळं होतं. कुकरमध्ये त्याचा भात शिजत होता, कांबळं तो पांघरत होता, बॅग खुंटीला टांगलेली होती. पावसाळ्यात एकदा अक्कानं त्याला टपरीवर गाठलं. मी बरोबर होते. तो चहाकडं बघत म्हणाला, "उसने दिया, मैंने ले लिया, अक्का. पूछा भी नहीं." अक्कानं डबा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं हात लावला नाही. त्यानंतर खोलीतल्या लोकांनी त्याला अक्काला भेटू दिलं नाही. तो दुबळा होत चालला होता. आम्ही त्याच्या आईचा फोन नंबर मिळवला, पण ती म्हातारी, पलीकडून फक्त छठला पाठवा, छठला पाठवा एवढंच म्हणत राही. अक्कानं त्याला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं न्यायचा प्रयत्न केला. तो एकदा आला, दुसऱ्यांदा आला नाही.

दिवाळी झाली. आमच्याकडं उरलेल्या एक-दोन माणसांपैकी एकानं सांगितलं, की महेंद्र छठला निघालाय आणि कुकर, कांबळं वाटून झालंय. अक्कानं विचारलं, बॅग? तो म्हणाला, बॅग त्याच्याजवळच आहे. मी सुटकेचा श्वास टाकला.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला स्टेशनवर यायला सांगितलं. तिकडची माणसं सकाळच्या मुंबईच्या गाडीनं निघतात, कल्याणला उतरतात आणि तिथून पुढची गाडी धरतात.

फलाट भरलेला होता. गोण्या, बादल्या, नव्या बॅगा, त्यात वसाहतीतली माणसं. आम्हाला बघून त्यांनी पाठी फिरवल्या. ते आपसूक बाजूला झाले आणि आमच्याभोवती एवढ्या गर्दीत मोकळी जागा तयार झाली.  अक्का मात्र नेहमीसारखी खांद्याला पिशवी अडकवून उभी होती. गाडी लागली, लोक चढायला लागले. महेंद्रचा पत्ता नव्हता. गाडी सुटायला पाच-सात मिनिटं राहिली असतील, तेव्हा तो जिन्यावरून उतरताना दिसला. नवा शर्ट, गमछा आणि हातात निळी बॅग. दाढी केलेली, चेहरा मोकळा. माझ्या मनात आलं, चला, सुटलो.

तो आमच्या समोरून गेला. डब्याच्या दारात पोचल्यावर त्यानं बॅग वर टाकली. दोन बोटांनी. हातरुमाल टाकावा तशी ती सहज आत जाऊन पडली. गावी, सणाला, वर्षानं निघालेल्या माणसाची बॅग, आणि तिला वजनच नव्हतं. मी अक्काकडं बघितलं. तिनंही ते बघितलं होतं.

"कुठं निघालास, महेंद्र?" तिनं विचारलं. तिचा तो आवाज. डब्यातली, फलाटावरची सगळी तोंडं वळली. कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. महेंद्र दारात थांबला, पण मागं वळला नाही.

"बॅगेत काय हाय?"

तो आत गेला. खिडकीपाशी बसलेला मला दिसला.

अक्का माझ्याकडं वळली. गिरणीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "त्येच्या आईला फोन कर. म्हणावं, बरोबर माणूस हाय," म्हणाली, आणि चढली. साठीची बाई, तिकीट नाही, अंगावरच्या साडीखेरीज कपडा नाही. मी तिला हाक मारणार होते. जाणाऱ्याला मागनं हाक मारू नये, हे तेवढ्यातही मला आठवलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

तिनं त्याला घरापर्यंत नेलं, हे मला चार दिवसांनी तिच्या फोनवरून कळलं. आईच्या हातात दिला, एवढंच म्हणाली. तिथल्या जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलली होती, गोळ्या सुरू करून दिल्या होत्या. परत आली ती थेट गडहिंग्लजकडं तिच्या गावी उतरली. गिरणीत पुन्हा बसली नाही. माझ्यामुळं माणसं दारं लावून घेतात, तू बस, तुला उघडतील, असा निरोप आला. मी बसते. पहिला प्रश्न तिच्याच अक्षरातला विचारते. महेंद्र परत आलेला नाही. त्याचा फोन कधी लागतो, कधी आठ-आठ दिवस लागत नाही, आणि तेव्हा मला काही सुचत नाही. अक्काला मी त्यानंतर पाहिलेलं नाही. भेटायला येऊ का विचारलं की म्हणते, नको, आधी महेंद्रला फोन लाव.

त्यामुळं माझ्याजवळ शेवटची आहे ती त्या खिडकीतली अक्का. ती आत जाऊन महेंद्रच्या समोर बसली, तशी त्या डब्यातली वसाहतीतली माणसं एकेक करून उठली. गोण्या-बादल्या उचलून पलीकडं गेली. एवढ्या भरलेल्या गाडीत त्या दोघांभोवतीची बाकं रिकामी झाली. महेंद्र तेवढा उठला नाही. गाडी हलली. अक्कानं बाकावरची निळी बॅग ओढून मांडीवर घेतली, चेन उघडली, आत एकदा बघितलं. मग पिशवीतून आपला डबा काढून तिनं तो बॅगेत ठेवला आणि चेन लावून बॅग महेंद्रच्या हातात दिली.